एकदाच आलेली हाक

"होपटन माझ्या बायकोचा मावसभाऊ. खोटं रचायची अक्कलच नव्हती त्याला, म्हणून सांगतो," एग्बर्टकाका म्हणाले. दुकानाच्या पडवीतली पोरं जवळ सरकली.

गुड फ्रायडेच्या आदली रात्र. ट्रेलॉनीतल्या एका रमच्या भट्टीवर होपटनची रातपाळी होती. रस आंबवायच्या टाकीत घालायला डंडर हवा होता. रम गाळून उरलेलं ते आंबट पाणी मागच्या खड्ड्यात महिनोन्‌महिने कुजत पडलेलं. ते आणायला होपटन आपल्या बहिणीच्या नवऱ्याला, विनरॉयला घेऊन गेला.

बादली निसटून आत पडली. विनरॉय लगेच शिडी लावू लागला.

"दोर बांधल्याशिवाय उतरायचं नाही," होपटनने अडवलं.

"तुझी आईसुद्धा जावयाची एवढी काळजी करत नाही रे!"

"आत वायू असतो, गाढवा! सडका वास थांबला म्हणजे वायू गेला असं नसतं. आपलं नाक मेलेलं असतं."

विनरॉय नुसता हसला. होपटन चरफडला. खड्ड्यावर जाळी बसवा म्हणून तो हंगामभर साहेबाच्या मागे लागला होता. साहेब 'बघू' म्हणायचा. इथे तर घरचा माणूसही ऐकेना. "मी येईपर्यंत हलू नकोस," असं बजावून तो दोर आणायला कोठीकडे निघाला.

मागून हाक आली.

"होपटन!"

तो थबकला. रात्री पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, वळायचं नाही, हे सगळ्या जमैकाला ठाऊक आहे. भूत एकदाच हाक मारतं. माणूस पुन्हा मारतो.

तो दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिला.

आली नाही.

आवाज विनरॉयचा होता?... नव्हता?...

बेडूकही गप्प.

मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुसरी हाक मारायला माणसात श्वास उरावा लागतो.

तो धावत सुटला.

विनरॉय खड्ड्याबाहेर जमिनीवर आडवा पडला होता. नखशिखान्त ओला. धापा टाकत.

"सांगितलं होतं ना तुला! वर कसा आलास?"

"तूच ना ओढलंस... काखेत हात घालून..."

"मी कोठीपाशी होतो. तू हाक मारलीस."

"मी?... मी तोंडसुद्धा उघडलं नाही रे."

होपटनने टॉर्च खाली धरला. विनरॉयच्या पायांत बूट होते. आणि सिमेंटवर, त्याच्यापासून खड्ड्याच्या काठापर्यंत, ओली पावलं उमटली होती. अनवाणी.

सकाळीही ती वाळली नव्हती; होपटनने साहेबाला दाखवली. साहेब खेकसला, "बूट न घालता इथे कोण आलं? नियम कळत नाहीत?" आणि सिमेंट घासून घ्यायला लावलं.



"गेली पावलं?" एका पोराने एग्बर्टकाकांना हळूच विचारलं.

"आहेत ना अजून. बोटं खड्ड्याकडे."