सत्तेचाळीस नंबरची ओ

आयुष्यात मी एकच प्रोग्राम धड लिहिला. तो दर सेकंदाला ऑफिसच्या साठ संगणक-यंत्रांना हाक मारायचा आणि ओ यायला किती मिलिसेकंद लागले ते पडद्यावर दाखवायचा. ओ आली की ओळ हिरवी, नाही आली की लाल. माझ्या संसारातही संवादाची पद्धत साधारण हीच होती.

यंत्र मोडीत निघालं की तळघरात नेऊन हातोड्याने फोडायचं. आतली माहिती कुणाच्या हाती लागायला नको. हे काम माझ्या मेहुण्याचं. नोकरी मीच लावून दिलेली. "धाकट्याला सांभाळा," ही बायकोची अट. सांभाळायला तो सहा फूट होता. आमची एक खोड होती: फोडलेल्या यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता त्या दिवशी यादीतून काढायचा नाही. लाल ओळ बघत दोघांनी चहा प्यायचा.

सोमवारी दुपारी त्याने सत्तेचाळीस नंबर फोडलं. ओळ लाल झाली. चहा आला. ओळ हिरवी झाली.

तीनशे दहा मिलिसेकंद.

"दाजी, तुमचा प्रोग्राम प्यायलाय."

मी सत्तेचाळीसची वायर तपासली; ती तर टेबलावर गुंडाळून पडली होती. पत्ता दुसऱ्या कुठल्याच यंत्राला दिलेला नव्हता. शिवाय ओ जितकी लांबून, तितका उशीर. तीनशे दहा म्हणजे समुद्रापलीकडून.

"कुणीतरी चेष्टा करतंय," मी म्हणालो.

"मग मीही करतो," म्हणत तो हातोडा घेऊन खाली गेला.

तळघर माझ्या खोलीच्या बरोबर खाली. तो तुकड्यांचे तुकडे करत होता. एक घाव: दोनशे. दुसरा: नव्वद. पायाखालची फरशी हादरत होती. मी फोन लावला.

"थांब. तू मारतोस तसं ते जवळ येतंय."

"येऊ दे की," तो धापा टाकत म्हणाला. "लांबून घाव नीट बसत नाही."

अकरा. म्हणजे याच शहरात.

चार.

"दाजी, आता पत्रा वाजत नाहीये. मऊ लागतंय."

"गाढवा, बाहेर ये!"

"हात थांबत नाहीये, दाजी."

घाव.

एक.

फोनवर हाड मोडल्याचा आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. तरी ओळखला.

खाली दार उघडंच होतं. मेहुणा तुकड्यांवर उताणा पडला होता. छाती आत गेलेली, जबडा एका बाजूला लोंबत. हातोडा त्याच्याच मुठीत, दांड्यापर्यंत ओला. नाडी नव्हती. मी त्याला तीनदा हाक मारली. माणूस अशा वेळी मूर्खपणा करतो.

माझा फोन वाजला. बायको.

"अहो, धाकटा घरी आलाय," ती कुजबुजली. "आत्ताच. कपडे सगळे रक्ताने भरलेत. काय झालं विचारलं, तर नुसता बघतोय."

मी समोरच्या प्रेताकडे पाहिलं.

"आणि त्याचं काहीतरी बिघडलंय हो. मी हाक मारायच्या आधीच ओ देतो."

तिला ओरडून सांगायचं होतं, पळ. मी तोंड उघडलं.

"ओ, दाजी," फोनमध्ये तो म्हणाला.