तपासणीचा हट्ट

"माझ्या आईला आजार चिकटवायला तुला कोणी सांगितलं गं, वहिनी?"

गोरेगावहून माहेरी आलेल्या तेजलने अजून चपलाही काढल्या नव्हत्या, आणि नाहूरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात तिचा आवाज असा कडाडला की अक्षताच्या हातातली सोलकढीची वाटी हिंदकळली. अक्षताचा नवरा सौरभ जेवत होता. तो मान खाली घालून सुरमईचे काटे काढत राहिला... जणू हे भांडण शेजारच्या घरात चाललं होतं!

अक्षताचा गुन्हा एवढाच, की तिने सासूबाईंसाठी, द्रौपदीबाईंसाठी, मुलुंडच्या लेडी डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली होती. हे काही पहिल्यांदा नव्हतं. मागे गणपती आडवे आले, मग तेजलचं बाळंतपण, मग सौरभच्या ऑफिसचं कसलंतरी निमित्त, आणि दर वेळी द्रौपदीबाई हसून म्हणाल्या, "माका काय धाड भरली हा?"

माहुलला राहणारी अक्षताची आईसुद्धा असंच हसून टाळायची. घरातल्या सगळ्यांची औषधं वेळेवर देणारी ती माउली स्वतःच्या छातीतली गाठ मात्र पदराआड झाकत राहिली, आणि कळलं तेव्हा डॉक्टरांनी नुसती मान हलवली होती. त्या दुःखाची आसवं केव्हाच सुकली होती. अक्षताच्या अंतःकरणात उरला होता तो धगधगता संताप... आईवर, बापावर, आणि सर्वांत जास्त स्वतःवर!

"आई ठणठणीत आहे यार, अक्षता," सौरभ पुटपुटला. "कशाला उगाच टेन्शन?"

"ठणठणीत? कधी विचारलंस त्यांना? या घरात गाडीची सर्व्हिसिंग चुकत नाही, आणि आईला एकदा डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं की तुमच्या कपाळाला आठ्या!"

"पुरे!" तेजल उसळली. "स्वतःच्या आईला वाचवता आलं नाही, त्याचं खापर माझ्या आईवर फोडू नकोस!"

अक्षता जागच्या जागी थिजली. एक शब्द... फक्त एक शब्द उच्चारला असता तर तेजलचं तोंड तिथेच मिटलं असतं! त्याच सकाळी बादलीत भिजवलेल्या परकरावर तिने रक्ताचा डाग पाहिला होता. पाळी जाऊन कितीतरी वर्षं लोटलेल्या बाईच्या परकरावर रक्त! पण द्रौपदीबाईंनी तिचे दोन्ही हात धरून शपथ घातली होती. अक्षताने ओठ घट्ट मिटले, अपमानाचा तो विषारी घोट गिळला आणि ती स्वयंपाकघराकडे वळली.

"गप रव, तेजू!"

द्रौपदीबाई दाराला धरून उभ्या होत्या.

"रगात जाता माझ्या अंगावरसून... बरेच दिवस! ह्या पोरीन बघल्यान. मीच तिका शपथ घातलंय, कोणाक सांगू नको म्हणान. म्हणान ती तुझे बोल खाता हा!"

"आई... आम्हाला का नाही सांगितलंस?" सौरभ ताटावरून उठला.

"तुम्ही ल्हान आसताना एकदा दुखणा सांगलेलंय तुझ्या बापाशीक. तो सगळ्या घरासमोर हसान म्हणालो, बायकांची नाटकां! त्या दिवसापासून तोंड शिवन घेतलंय."

अक्षताने पुढे होऊन सासूबाईंचा हात धरला आणि रागाने कापणाऱ्या आवाजात म्हणाली, "चला, आई. कपडे बदला. आता मी कुणाचंही ऐकणार नाही!"

मुलुंडला सोनोग्राफी झाली, गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडाही तपासला गेला. पेशी बिघडू लागल्या होत्या, पण रोग अजून पुढे सरकला नव्हता. "वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाल्या. पिशवी काढण्याचं ऑपरेशन सुखरूप पार पडलं.

घरी सोडण्याच्या दिवशी तेजल वॉर्डातच अक्षताच्या गळ्यात पडली. "वहिनी, मी काय बोलून गेले गं..."

"रडू नकोस!" अक्षताने तिला दूर सारलं, तिचा राग अजून विझला नव्हता. "माझी माफी मागू नकोस. स्वतःची तपासणी करून घे, तेवढं पुरे मला."

"आणि तुझी?"

द्रौपदीबाई पलंगावरून तिच्याकडे रोखून पाहत होत्या.

"तुझ्या आवशीक छातीत गाठ झाली. तू स्वतःक कधी दाखवलंस?"

अक्षताची मान खाली गेली. साऱ्या जगावर संतापणाऱ्या त्या बाईने स्वतःसाठी एकदाही डॉक्टरचा उंबरा ओलांडला नव्हता! भीतीने... निव्वळ भीतीने! सौरभ बायकोकडे पाहत राहिला. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याच्या मनाला शिवलाही नव्हता.

"बघतंस काय, मेल्या?" द्रौपदीबाई कडाडल्या. "हिका आधी घेवन जा!"

खाली रिक्षा ताटकळत होती. पण टाके ओले असलेली ती माउली त्याच हॉस्पिटलातल्या तपासणीच्या खोलीबाहेर खुर्चीवर बसली ती हललीच नाही. तेजलने आणलेला चहाही तिने परतवला. अखेर दार उघडलं. डॉक्टर म्हणाल्या, "काही नाही, सगळं नॉर्मल आहे. पण आईला कॅन्सर होता, म्हणून दर वर्षी यायचं."

अक्षता हुंदका देत सासूच्या पायांशी बसली. द्रौपदीबाईंनी तिचं मस्तक पोटाशी धरायला घेतलं, टाक्यांची कळ आली तशी खांद्याशी धरलं, आणि डोळ्यांतलं पाणी न पुसताच डॉक्टरांना बजावलं,

"पुढल्या वर्षी हिका मीच घेवन येतलंय!"