मधली भिंत

मुलींच्या जिन्याला बेचाळीस पायऱ्या.

सातवीच्या वर्गाच्या खिडकीत कबुतराचं घरटं, त्यात एकच अंडं.

माझ्या नेमणुकीचं पत्र: येत्या सोमवारी सकाळी दहा, दुसऱ्या शहरात.

"अहो, वर कोण आहे? छत पडायला आलंय!"

छत ठणठणीत होतं. खिडक्या दुरुस्त करायला आलेला सुतार खालून उगाच घाबरवत होता... आणि मी, बंद पडलेल्या आमच्या शाळेची मोजमापं घ्यायला आलेली, खरंच घाबरून खाली धावले. त्याच्या केसांत भुसा होता. तो हसला, तसा थोडा खांद्यावर सांडला.

शाळेचं आता वाचनालय होणार होतं. इमारतीचे दोन सारखे भाग: मुलांचा जिना वेगळा, मुलींचा वेगळा, आणि मध्ये तळापासून छतापर्यंत सलग भिंत. तो पलीकडे शिकला होता, मी अलीकडे. त्याच वर्षांत!

"गणिताच्या तासाला तुमच्या बाजूने कोणीतरी टकटक करायचं," तो म्हणाला. "मास्तर उभं मलाच करायचे."

"अरेरे!"

"वर्षभर. हसताय काय?"

"मी? छे!"

आठवडाभरात त्याची एकच खिडकी झाली.

शनिवारी मधली भिंत उरली. भोक पाडून जाडी मोजायची, तर दोन्हीकडून एकच जागा सापडायला हवी. तो मुलांच्या बाजूला गेला. मी अलीकडून ठोकायचं, त्याने कान लावून खूण करायची. फोन चालू.

टक टक... टक.

"हीच!" तो ओरडला. "हीच ती टकटक! म्हणजे तुम्हीच—"

"खूण केलीत का?"

"वर्षभर उभा होतो हो मी!"

"मग आता बसा."

हसू विरलं.

"सोमवारी जाताय म्हणे."

"हो."

"बरंय... माझ्या खिडक्या तरी होतील."

मी हातोडी खाली ठेवली. मध्ये भिंत होती, म्हणूनच तोंडून निघालं—

"तू म्हणालास, तर नाही जाणार."

फोन बंद.

मग पलीकडच्या जिन्यावर धाडधाड पावलं... खाली. मैदानात. मग माझ्या जिन्यावर.

दारात तो, धापा टाकत.

"फोनवर नव्हतं सांगायचं," तो म्हणाला. "थांब."

मूळ नकाशा पुढच्या वर्षी सापडला. त्यात त्या भिंतीला दार होतं.