लेलँडचं कौतुक

प्रयोगशाळेची बस त्या सकाळी गच्च भरली होती. शेजारच्या लांबट माणसाच्या हॅटवरून पावसाचं पाणी थेट माझ्या मांडीवरच्या मासिकावर ठिबकत होतं. मी प्रयोगशाळेच्याच लायब्ररीत कामाला. कागद भिजला की माझा पारा चढायचाच.

"तुमची हॅट गळतेय," मी म्हणाले.

"माफ करा... पण ते मासिक मीच मागवलंय. म्हणजे भिजतंय ते माझंच."

"लायब्ररीचं आहे ते. तुम्हाला फक्त दोन आठवडे मिळणार."

तो हसला, खाली बघत, हळूच. लेलँड ड्रेसर, पदार्थविज्ञानातला. त्या हसण्यानंच माझी विकेट काढली, आता कबूल करायला काय हरकत आहे!

एकावन्न साल होतं. अमेरिकेतल्या टेनेसीत, अणुसंशोधनाच्या त्या कुंपणाआडच्या गावात कामाबद्दल चकार शब्द काढायला बंदी होती. दिवसभर काय केलंस, हे प्रेमातसुद्धा विचारायचं नाही. मग उरतं काय? जुन्या गोष्टी. डॉगवुडच्या पांढऱ्या फुलांखाली हिंडताना लेलँडनं मला त्याचं सगळं लहानपण सांगितलं, कॉलेजही सांगितलं. तेव्हा दर गुरुवारी संध्याकाळी तो एका हॉलमध्ये गोदीतल्या कामगारांना इंग्रजी लिहायला शिकवायचा. कॉलेजात त्याच्या खोलीत राहणारा मित्र हॉबार्ट मागच्या बाकावर बसून लेलँडच्याच अक्षराला हसायचा. सांगता सांगता त्यानं माझा हात धरला... आणि सोडायचा विसरला. मीही आठवण करून दिली नाही.

मे महिन्यात करडी हॅट घातलेला एक सरकारी तपासनीस लायब्ररीत आला. लेलँडच्या पासाची, म्हणजे गुप्त काम करायच्या परवान्याची, फेरतपासणी होती. अशी ती सगळ्यांचीच व्हायची, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारत फिरायचे. माणूस कसा आहे, एवढंच त्यानं विचारलं. मला तर उकळ्याच फुटल्या. किती सरळ, किती दयाळू, कामगारांना फुकट शिकवायचा... कुठं, असं त्यानं सहज विचारलं. लायब्ररीवाली मी! हॉलचं नाव, शहर, साल, सगळं बिनचूक सांगितलं.

तीन आठवड्यांत लेलँडचा पास काढून घेतला. तो हॉल चालवणारी संघटना कम्युनिस्ट म्हणून सरकारच्या काळ्या यादीत होती, आणि लेलँडनं ती अर्जात लिहिली नव्हती. संध्याकाळच्या वर्गाला संघटना कोण म्हणतं? पण लपवलं, असा शेरा बसला. आता देशातली कुठलीही प्रयोगशाळा त्याला दारात उभं करणार नव्हती.

मग एका दुपारी तो लायब्ररीमागच्या बाकावर आला. डोळे खोल गेले होते. कॅनडात एका शाळेत नोकरी मिळतेय, म्हणाला.

"येशील, व्हर्ना? लग्न करून जाऊ. मला आता तेवढंच मागण्यासारखं उरलंय."

होकार माझ्या ओठांवर आला होता. तेवढ्यात तो म्हणाला, "हॉबार्टला मी लिहिलं, पुन्हा तोंड दाखवू नकोस. त्याच्याशिवाय त्या वर्गाचं कुणाला ठाऊक होतं?"

मी गप्प राहिले असते तर आज मिसेस ड्रेसर असते. पण एका निरपराध माणसाच्या माथी ते मारून मी कुठला संसार करणार होते?

"मी सांगितलं, लेलँड," मी म्हणाले. "तुझं चांगलं व्हावं म्हणून... मी तुझं कौतुक करत होते."

त्यानं हॅट काढून मांडीवर ठेवली.

"तुझं नाव मनात आलं होतं," तो म्हणाला. "मीच हाकलून दिलं. लाज वाटली मला स्वतःची."

आजवर कधी न बोललेलं तेच तोंडून निघालं. "माझं प्रेम आहे रे तुझ्यावर."

"ठाऊक आहे," तो उठत म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "त्या माणसालाही तू तेच सांगत होतीस."

हॉबार्टला माफीची तार करायला तो निघून गेला. मला बरोबर चल म्हणाला नाही.