बगळ्याचे पाय

"आपण फक्त आशाच्या बाबांची पिशवी घ्यायला आलो आहोत, हे लक्षात ठेव," स्नेहाने बजावले. पण तोवर तिचा मोठा भाऊ संघर्ष ट्रकखाली शिरलाही होता. बाहेर उरले होते त्याचे दोन पाय आणि एकच चप्पल.

ट्रकच्या दारावर वाळलेला चिखल आशा नखाने खरवडत होती. तो घाटातला चिखल होता. त्याच चिखलातून लोकांनी तिच्या बापाला ओढून बाहेर काढले होते.

दिवाळीच्या सुट्टीसाठी वसतिगृह बंद झाले, तेव्हा आशाने हरसूलजवळच्या आपल्या पाड्यावर जायला हवे होते. पण तिचा बाप रावजी नाशिकच्या इस्पितळात डावा पाय मोडून पडला होता, म्हणून ती अंबडच्या कामगार वसाहतीत स्नेहाच्या, तिच्या वर्गमैत्रिणीच्या, घरी राहत होती. जवळच सयाजीशेठचे हे वर्कशॉप होते. शेठ जुन्या गाड्या विकत घेत, त्या उंच करत आणि प्रदर्शनांत मिरवत. लिलावात घेतलेला हा लष्करी ट्रक त्यांचा विशेष लाडका होता आणि रावजी त्याचा चालक होता.

प्रदर्शनात नाचण्यासाठी शेठनी हरसूलकडचे नृत्यपथक ठरवले होते. तालीम आटोपून पथकाला घरी सोडायला निघालेला ट्रक घाटातल्या वळणावर वळलाच नाही. सरळ खड्ड्यात गेला. "स्टेअरिंग अडकलं," रावजी शुद्धीवर येताच म्हणाला. दोन दिवसांनी वाहन तपासणीचे साहेब वर्कशॉपमध्ये आले, त्यांनी स्वतः स्टेअरिंग फिरवले. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळे फिरले. तेव्हा सयाजीशेठ हळहळत एकच वाक्य बोलले, "डोंगरातला माणूस आहे साहेब, संध्याकाळ झाली की घेणारच."

ते वाक्य रावजीच्या पायाला प्लास्टर चढण्याआधी हरसूलच्या बाजारात पोहोचले. तिथे कोणीतरी ते भोंग्यावरून चेष्टेत सांगितले आणि बाजार हसला.

आता रविवारी, प्रदर्शनात, पाहुणे म्हणून येणाऱ्या साहेबांसमोर रावजीने आपण प्यायलो होतो असे लिहून द्यायचे होते. दिले नाही तर शेठ पोलिसांत जाणार होते. दिले तर परवाना जाणार होता. त्यांच्या पाड्यावर वाहनाचा परवाना असलेला तो एकटाच माणूस होता आणि तो परवाना म्हणजेच आशाची शाळा होती.

"आशा," संघर्ष ट्रकखालून बाहेर येत म्हणाला, "हा ट्रक खड्ड्यात गेला होता ना?"

"दिसत नाही का तुला?"

"दिसतंय. म्हणूनच विचारतो. ट्रक गेला होता, मग त्याची चाकं का गेली नाहीत?"

तिघेही वाकले. छतापासून पायरीपर्यंत सर्वत्र चिखल होता; चाकांवर मात्र कित्येक महिन्यांची धूळ होती आणि रिमच्या भोकांत कोळ्याची जाळी शाबूत होती. एवढ्या उंच ट्रकखाली ती चाके केविलवाणी दिसत होती.

स्नेहाने टायरवरचे आकडे वाचले. "साडेसात, सोळा."

"हे ते नाहीत," आशा हळू आवाजात म्हणाली. "दसऱ्याला बाने मला नवे टायर दाखवले होते. त्यांवर तीनशे पंधरा, पंचाहत्तर, सोळा असं होतं. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा त्याची भिंत, म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंच ती. शेवटचा रिमचा, इंचात."

"म्हणजे साडेएकतीस सेंटिमीटर रुंद," संघर्षने हिशेब केला. "आणि हा साडेसात इंचांचा, एकोणीसच्या आसपास. अगं, तो तर याच्या दीडपटीहून रुंद. आता हे बघ."

त्याने मडगार्डच्या आत बोट दाखवले. तिथे रंग खरवडून गेला होता आणि चंद्रकोरीसारखी एक पट्टी लखलखत होती. मडगार्डची कड आत दुमडली होती आणि तिला काळे रबर चिकटलेले होते. "हा बारीक टायर सात जन्म घेतले तरी इथवर पोहोचणार नाही."

"कोण आहे रे तिकडे?"

सयाजीशेठ आले. त्यांच्या मागे दोन मिस्त्री होते. शेठनी आशाच्या हातातली पिशवी पाहिली आणि ओळखीचे हसू त्यांच्या चेहऱ्यावर पसरले. "रावज्याची पोर का तू? बाटली शोधत होतीस? बघू."

त्यांनी पिशवी उलटी केली. ऑइलने माखलेल्या जमिनीवर पंचा, कंगवा आणि जेवणाचा डबा पडला. डब्यातली नागलीची भाकरी बुरशीने हिरवी झाली होती.

"बाटली नाही?" शेठ मिस्त्र्यांकडे वळले. "मग सगळी पोटात गेली असणार." मिस्त्री हसले; एक मनापासून, दुसरा नोकरीपुरता.

आशा गुडघ्यांवर बसून वस्तू गोळा करू लागली. तिने मान वर केली नाही, म्हणूनच तिला कोपऱ्यातल्या ताडपत्रीखालची फट दिसली. आत चार रुंद टायर एकावर एक रचलेले होते. त्यांतल्या दोन टायरांचे खांदे, म्हणजे कडेचे कोपरे, चाकूने सोलल्यासारखे कातरले गेले होते.

"शेठ," संघर्षने साळसूदपणे विचारले, "दसऱ्याला नवे टायर बसवले, ते नीट तपासले होते?"

"मला शिकवतोस? ट्रक चार इंच उंच केलाय मी. जॅकवर चढवला आणि चाक दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघितलं. बोटभर अंतर राहत होतं. लिंबू फोडलं, नारळ वाढवला. आणखी काय करतात?" मग आपण जास्त बोललो हे त्यांच्या लक्षात आले असावे. "निघा इथून. आणि पोरी, बापाला सांग, रविवारी सही करताना हात थरथरू देऊ नकोस. लोक म्हणतील, अजून उतरली नाही."

ते परतायला निघाले. कारखान्यांची पाळी सुटली होती आणि सायकलींच्या गर्दीत तिघांना एकामागोमाग चालावे लागत होते.

"जॅकवर," आशा अचानक थांबली. "जॅकवर चढवला की ट्रक वर जातो आणि चाक खाली लोंबतं. तेव्हा अंतर राहणारच. पण माणसं बसली की ट्रक चाकावर दबतो. आमच्याकडे गाडी भरली म्हणजे नुसती आतून भरली असं नसतं. त्या दिवशी पोरं पुढच्या मडगार्डांवर बसली होती, बॉनेटवर ढोल बांधले होते."

"आणि वळणावर चाक तिरकं झालं," स्नेहा म्हणाली, "की रुंद टायरचा कोपरा सरळ मडगार्डात. शेठनी उंची बघितली. वळणही बघितलं, पण हवेत; वजन घालून नाही."

"चला, साहेबांना सांगू," संघर्ष म्हणाला.

साहेबांनी फोनवर ऐकून घेतले. "बाळांनो, सुट्टी आहे, खेळा," ते म्हणाले. "गाडी मी स्वतः तपासली आहे."

फोन ठेवल्यावर स्नेहाच्या चेहऱ्यावर एक विचित्र शांतपणा आला. "मग शेठनाच ते टायर पुन्हा बसवायला लावू," ती म्हणाली. "स्वतःच्या हाताने."

"कसं?"

"त्यांनी आशाला जसं केलं, तसंच. हसून."

शनिवारी प्रदर्शन सुरू झाले. गोदाकाठच्या मैदानावर जुन्या गाड्या धुऊन पुसून उभ्या होत्या. सयाजीशेठचा ट्रक नव्या हिरव्या रंगात सर्वांत उंच दिसत होता. स्नेहा त्याच्यासमोर थांबली आणि शेजारच्या अनोळखी मुलाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "बगळा बघ. केवढं धूड आणि पाय बघ काड्यांसारखे."

मुलगा खिदळला. त्याने आपल्या मित्रांना सांगितले. संघर्षने दुसऱ्या टोकाला तोच शब्द पेरला. चहाची वेळ होईपर्यंत पोरे एका पायावर उभी राहून ट्रकसमोर फोटो काढत होती. एका पाहुण्या बाईने शेठनाच विचारले, "तुमचा तो बगळा कुठे उभा आहे हो?" शेठ हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. त्यांची दहा-अकरा वर्षांची मुलगी गर्दीतून निघाली आणि बापाकडे न बघता गाडीत जाऊन बसली.

आशाने ते पाहिले. तिला वाईट वाटले नाही. वाटायला हवे होते, असे मात्र वाटले.

रविवारी सकाळी ट्रक रुंद टायरांवर उभा होता. कातरलेली बाजू आत वळवलेली होती आणि दुमडलेली कड ठोकून सरळ केली होती.

"शेठ, आता शोभतोय," संघर्ष आदराने म्हणाला.

"मग? मैदानावर कुठे घाट आहे," शेठ स्वतःशीच पुटपुटले.

मंचावर पाहुणे जमले. पहिल्या रांगेत तपासणीचे साहेब होते. बाजूला, उन्हातच, चाकांच्या खुर्चीत रावजीला आणून ठेवले होते. कोणीतरी त्याच्या मांडीवर कागद आणि पेन ठेवले होते. त्याच्याकडे बघत दोन तरुण तोंडाला अंगठा लावून पिण्याची खूण करत होते. रावजी आपल्या प्लास्टरकडे बघत राहिला.

पथक आले, तेव्हा आशा त्याच्या म्होरक्या शकुबाईजवळ गेली. अपघातात दुखावलेले शकुबाईचे मनगट अजून पट्टीत होते.

"मावशी, बा प्यायला होता का गं?"

"मी त्याच्याच शेजारी बसले व्हते," शकुबाई म्हणाली. "वास नाय की काय नाय. पन मला कोनी इचारलंच नाय. नाचाया बोलावत्यात, इचाराया नाय."

मग आशाने तिच्या कानात काहीतरी सांगितले. शकुबाईने ट्रककडे, मग शेठकडे पाहिले. "चढा रं पोरांनो," ती आपल्या पथकाला म्हणाली. "बाजाराला जातो तसंच बसा. मोकळी जागा ठेवू नका. मी खालीच ऱ्हाते."

पथक चढले. पोरे दोन्ही मडगार्डांवर बसली, बॉनेटवर ढोल चढले. फोटो घेणाऱ्यांची झुंबड उडाली. गळ्यात हार घातलेले सयाजीशेठ एवढे कॅमेरे बघून विरघळले आणि स्वतः चालकाच्या जागी जाऊन बसले.

"शेठ, एक गोल चक्कर," स्नेहा गोड आवाजात म्हणाली. "अगदी छोटा गोल. मंचावरच्यांना चारही बाजू दिसायला हव्यात ना."

ट्रक माणसाच्या चालीने निघाला. शेठनी हसत हसत चाक वळवले. अर्धे वळले. त्याच्या पुढे वळवताच मडगार्डाखालून असा आवाज आला, की मुलांनी कानांवर हात ठेवले. जळक्या रबराचा वास मैदानभर पसरला. ट्रक वळायचा थांबला आणि तिरका, हळूहळू, मंचाच्या कमानीकडे सरकू लागला. शेठ दोन्ही हातांनी चाकाशी झगडत होते आणि गडबडीत त्यांना ब्रेक आठवत नव्हता.

"अडकलं!" ते ओरडले. "स्टेअरिंग अडकलं!"

कमानीचा बांबू मोडला, झेंडूच्या माळा त्यांच्या डोक्यावर कोसळल्या, तेव्हा कुठे ट्रक थांबला. कोणालाही लागले नव्हते.

आशा तडक साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. "साहेब, माझे बा हेच म्हणाले होते. हेच शब्द. शेठ प्यायलेत का, तेही विचारा."

साहेब उठले. ते चाकाजवळ गुडघ्यांवर बसले, आत हात घालून बराच वेळ चाचपत राहिले, टायरचा कातरलेला खांदा त्यांनी सर्वांना जवळ बोलावून दाखवला. मग शेठकडे वळून त्यांनी विचारले, "मी तपासणीला आलो तेव्हा कोणते टायर होते?" शेठ माळांमधून मान काढायचा प्रयत्न करत होते. गर्दी हसू लागली. ते कालचेच हसू होते आणि तितकेच मोठे. ज्यांनी अंगठ्याची खूण केली होती ते दोघे सर्वांत पुढे होते. त्या हसण्यात आशाही सामील झाली आणि तिला ते आवडले. म्हणून ती लगेच थांबली.

साहेबांनी रावजीच्या मांडीवरचा कागद उचलून फाडला. "परवाना तुमचाच राहील. चौकशी आता शेठची होईल. चूक माझीही झाली, मी तपासायला आलो आणि दाखवलं तेवढंच बघून गेलो." मग त्यांनी तिन्ही मुलांना मंचावर नेले. "मोठ्यांना जे दिसलं नाही ते या लेकरांनी पाहिलं," ते म्हणाले. "शाबास." टाळ्या झाल्या. शेठसाठी आणलेली शाल कोणीतरी घाईघाईने रावजीच्या खांद्यावर टाकली.

रावजीने ती काढून नीट घडी केली. "साहेब, शाल ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "हरसूलच्या बाजारात माझं नाव भोंग्यावर घेतलं व्हतं. तिथं सांगा. इथल्या लोकांना मी कोन ते म्हाईत नाय."

साहेब खरेच आले. बाजाराच्या दिवशी, भांडीवाल्याच्या भोंग्यावरून त्यांनी सारे सांगितले. काहींनी ऐकले, काही मिरच्या निवडत राहिले. चार म्हाताऱ्यांनी रावजीच्या पाठीवरून हात फिरवला, आशाचा चेहरा ओंजळीत धरला, "तुझ्यावानी पोर पाड्यात नाय," असे म्हटले. मघापर्यंत न दिसलेले कितीतरी लोक म्हणू लागले की आम्हांला आधीपासूनच ठाऊक होते.

बाजारातून पाड्याकडे परतताना जीपवाल्याने पुढची जागा रिकामी करवून रावजीला बसवले. मागे स्नेहा आणि संघर्ष पाड्यावर मुक्कामाला येणार म्हणून खुशीत होते. आशा बापाच्या मांडीला खेटून बसली होती. हाड जुळेल, पण पाय आखूड राहील, गाडी चालवणे विसरा, असे डॉक्टर त्याच सकाळी म्हणाले होते. परवाना रावजीच्या वरच्या खिशात होता.

घाटातले ते वळण आले. जीपवाल्याने वेग कमी केला. मागची बडबड आपोआप थांबली. जीप वळू लागली, तसा रावजीचा प्लास्टरमधला डावा पाय हळूच पुढे सरकला आणि जिथे काहीच नव्हते तिथे क्लच दाबून राहिला. वळण संपेपर्यंत त्याने तो उचलला नाही.

आशाने ते पाहिले आणि ती खिडकीबाहेर बघू लागली.