पाहुण्यांसाठी जाड बर्फ

मे महिना लागला की पळसतळे हे गाव तळ्यावर राहायला जाई. तळ्याकाठी नव्हे, तळ्यावर. काठावर त्रेपन्न अंश तापमान आणि पाण्यावर मशीनने धरलेला जाडजूड बर्फ. त्यावर तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा थर, तणसावर राहुट्या, राहुट्यांत चुली. चुलीखाली विटा रचायचा नियम पहिल्या वर्षी एक चूल तळाशी गेल्यानंतर झाला.

बर्फावर नजर ठेवायला हेमलता उमाठे या अभियंता होत्या आणि त्यांच्याकडे 'बर्फकाटा' होता. रवीएवढा हा काटा बर्फावर टेकवला की खाली आवाज सोडी. बर्फ संपून पाणी लागे तिथून आवाज परते, आणि त्याला लागलेल्या वेळावरून जाडी कळे. जाडी चाळीस सेंटिमीटरच्या वर असेल तरच नवा माणूस बर्फावर घ्यायचा. या नियमापुढे नगराध्यक्ष बापूराव ठवकरांचंही काही चालत नसे. गावात अशी ही एकच गोष्ट होती.

त्या दिवशी दुपारी काटा चाळीस दाखवत होता. ऊन उतरताना बेचाळीस. हेमलताबाईंनी काटा पुसून पुन्हा टेकवला. बेचाळीसच.

"मशीन कोणी वाढवलं?"

"म्या," बापूराव म्हणाले. ते एका नव्या राहुटीचे खुंट ठोकत होते. "आमची पोरगी शेवंता येऊन रायली ना सासरहून! खैरवाड्याची आख्खी गल्ली आहे संगं. तुम्ही नियम दाखवाल म्हणून आधीच बर्फ जाड करून ठेवला."

"मला विचारायचं तरी!"

"त्यात काय इचारायचं, म्याडम? बटन फिरवलं का थंडी वाढते."

"बापूराव, थंडी नावाची वस्तूच नसते. मशीन पाण्यातली उष्णता ओढतं आणि दुसरीकडे नेऊन टाकतं. घरातला केर आपण दाराबाहेर लोटतो ना, तसं. इथे बर्फ जितका जाड, तितकी तिथे आग."

"टाकू द्या ना. टेकडीपलीकडंच टाकते ना?"

"हो. शेवंता कुठून येतेय?"

"पायी येऊन रायली, खिंडीतून. आत शिरलो म्हणून मघाशी फोन आला. तवाच तर बटन पुरं फिरवलं."

"मशीन बंद करा!" हेमलताबाई ओरडल्या.

उष्मानळ, म्हणजे तळ्याची उष्णता गरम वाऱ्याच्या रूपाने बाहेर सोडणारा नळ, त्या खिंडीतच उघडत होता. जागा निवडताना सगळ्यांचं चटकन एकमत झालं होतं, कारण तिथे पळसतळ्याचं कोणी राहत नव्हतं. खैरवाड्याला कळवायचं तेवढं राहून गेलं होतं.

बापूराव धावत गेले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने मशीन बंद केलं. दोघं तरुण ओल्या गोधड्या पांघरून टेकडी चढले. ते खिंडीच्या अलीकडूनच परतले. एकाच्या चपलांचे तळ वितळले होते.

बापूराव फोन लावत राहिले. दिवेलागण झाली. तणसाखालून पहिल्यांदा कडकड ऐकू आली.

"बापूराव, मशीन काहून बंद हाये?" शेजारच्या राहुटीतून कोणीतरी म्हणालं. "पोट्टं गरमीनं रडून रायलं."

"खिंडीत माणसं आहेत," हेमलताबाई म्हणाल्या.

"अन् इथं कोण हाये, म्याडम? आठशे जीव हाये बर्फावर. काटा लावा, काय म्हणते?"

त्यांनी काटा टेकवला. आकडा वाचून तो उचलू लागल्या. मग विचारणाराच पुढे झाला आणि त्याने मोठ्याने वाचला.

"एकोणचाळीस!"

बापूरावांनी पुन्हा फोन कानाला लावला. पलीकडे रिंग जात होती. ती वाजत असतानाच मागे मशीन सुरू झाल्याची घरघर ऐकू आली.

"कोणी लावलं रे?" बापूराव गरकन वळले.

आठशे माणसं माना खाली घालून बर्फाकडे बघत होती.