हिरवा पट्टा, लाल कोबा

गॅरेजला रंग कुठला द्यायचा यावरून त्या सकाळी चुडामणभाऊंच्या ओट्यावर अशी खडाजंगी जुंपली होती, की रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, घरात वाटण्या चालल्यात. चहा निवून गेला होता. पेंटर झुलाल रंगांचं कार्ड मांडीवर उघडून बसला होता आणि बोलणाऱ्याकडे मान वळवून वळवून बिचारा दमला होता.

"चुना मारा आणि मोकळे व्हा," भाऊ म्हणाले. "गाडी काय भिंतीकडे बघत बसणारेय?"

"चुना अंगाला लागतो," इंदिराबाई म्हणाल्या. "हेमराज रोज शर्टाची बाही पांढरी करून बँकेत जाईल. मग ती धुणार कोण? तुम्ही?"

भाऊंनी निवलेला चहा एका घोटात संपवला. डाळ मिलमध्ये दिवसभर माणसांवर आवाज चढवणारा हा फोरमन, पण घरात बायकोपुढे त्यांचा आवाज फारसा चढत नसे. इंदिराबाई पिंप्राळ्याच्या शाळेत गणित शिकवायच्या. वर्गात कुणी भुताखेताच्या गप्पा सुरू केल्या, की त्या पोराला उभं करून पाढे म्हणायला लावायच्या.

हेमराज त्यांचा मुलगा. धुळ्याला बँकेत होता, आता बदली होऊन जळगावला येणार होता आणि येताना जुनी फियाट घेऊन येणार होता. साल एक्क्याण्णव. गल्लीत स्कूटरी होत्या, गाडी एकाही घराला नव्हती. घाई मात्र गाडीची नव्हती, कानबाईची होती. खान्देशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते आणि ती बसायच्या आत अख्खं घर रंगवून, धुऊन-पुसून लख्ख करावं लागतं. बाकी घर दरसाल रंगायचं. गॅरेज तेवढं राहायचं.

ते राहायचं निंबामुळे.

निंबा म्हणजे भाऊंचा धाकटा भाऊ. भाड्यानं चालवायला जुनी ॲम्बेसेडर घ्यायची म्हणून त्यानं सात वर्षांपूर्वी आधी गॅरेज बांधलं, प्लास्टर केलं, शटर बसवलं. "रंग मी आल्यावर," असं बायकोला सांगून तो सुरतेला गाडी आणायला गेला. गाडी घेऊन निघाला हे खरं. नवापूरला चहा पिताना त्याला ओळखीच्या माणसानं पाहिलंही होतं. पुढे कोंडाईबारीचा घाट. घाटाच्या अलीकडे तो होता, पलीकडे कुणालाच दिसला नाही. तो नाही आणि गाडीही नाही. पोलिसांनी दरी पाहिली. भाऊंनी स्वतः तो घाट पायी पालथा घातला, पायाची सालटी निघेपर्यंत. काचेचा तुकडासुद्धा मिळाला नाही.

"बेबा, तू सांग गं," इंदिराबाईंनी आत हाक मारली. "डिस्टेंपर की ऑइल पेंट?"

बेबाबाई, निंबाची बायको, दारामागून म्हणाली, "अक्का, खाली कमरेएवढा हिरवा पट्टा, ऑइल पेंटचा. वर पांढरं डिस्टेंपर. आणि खाली शहाबादी फरशी नको, सांध्यांत तेल मुरतं. कोबा करा, लाल ऑक्साइडचा, चांगला घोटून."

ओट्यावर सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. ही बाई इतकी वर्षं गॅरेजच्या रंगाचं नाव काढू देत नव्हती.

"तुला गं काय ठाऊक सांध्यांत तेल मुरतं ते?" इंदिराबाई हसत म्हणाल्या.

"ते म्हणाले," बेबा म्हणाली आणि आत गेली.

ते म्हणाले असतील, तेव्हा, जाण्याआधी. इंदिराबाईंनी तसाच अर्थ लावला आणि झुलालला सांगितलं, कर बाबा तसंच.

झुलालनं रंग काढला तो झकास. पट्टा असा सरळ, की दोरी लावावी लागू नये. पण दुसऱ्या दिवशी तो तोंड वाकडं करूनच आला. "बाई, उजव्या भिंतीचा रंग कुणी उडवला?"

मांडीच्या उंचीवर पट्ट्यातल्या रंगाचा टवका निघून आत प्लास्टर दिसत होतं. एवढासा टवका, नखाएवढा.

"घूस असेल," इंदिराबाई म्हणाल्या.

"घूस भिंतीवर चढून रंग खाते का?"

त्यानं टवक्यात लांबीचा लगदा भरला, घासून गुळगुळीत केलं, पुन्हा हात मारला. शटरला कुलूप लागलं, किल्ली रात्रभर इंदिराबाईंच्या कनवटीला. सकाळी उघडलं तर टवका तिथंच. झुलाल उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला.

"बाई, राग नका मानू. हे दार लागल्याचं आहे. गाडी आत घेतली, ड्रायव्हर दार उघडून उतरला, की कड भिंतीला लागते ना, तसं."

"गाडी कुठंय पण, झुलाल?"

"तेच म्हणतोय ना मी," तो म्हणाला आणि त्यानं उगाच डब्याचं झाकण लावलं. त्यानंतर तो कामाला यायचा, पण अंग चोरून, मधल्या जागेकडे मान वळवत रंगवायचा, शटर पूर्ण वर करून.

मग कोबा झाला. उखर्डू गवंड्यानं लेव्हल लावून, घोटून घोटून तो असा काही चकचकीत केला, की त्यात तोंड दिसावं. भोवती मातीची पाळ घालून पाणी भरून ठेवलं. पाणी हळूहळू ओसरलं तेव्हा सगळी जमीन कोरडी झाली आणि चार जागी तेवढं पाणी उरलं. पुढे दोन, मागे दोन. उथळ, ताटलीएवढ्या चार खळग्या. उखर्डूनं पुन्हा लेव्हल लावली, स्वतःच्याच अंगठ्यानं खळगी चाचपली आणि आईशप्पथ घेऊन सांगितलं की हे आपल्या हातचं नाही. मधोमध, जिथे पाणी नव्हतं तिथे, काळ्या तेलाचा एक थेंब होता. इंदिराबाईंनी तो पदरानं पुसला. पदर नाकाशी नेला, तर पेट्रोलचा वास. रंगात टर्पेंटाइन असतं, त्याचाच असेल, असं त्यांनी स्वतःला बजावलं. शेवटी गणिताची बाई. उत्तर येत नसेल तर रीत चुकली असणार.

दोन-तीन दिवसांनी त्या शाळेतून आल्या तर शटर उघडं, आणि बेबा आत. हातात ओलं फडकं. कमरेच्या उंचीवर, मोकळ्या हवेत, तिचा हात संथपणे मागेपुढे फिरत होता. इंदिराबाईंची चाहूल लागली तशी तिनं फडकं खाली घेतलं. फडकं मातीनं लाल झालेलं होतं. आपल्याकडची माती काळी, लाल लागते ती घाटाकडे.

"काय करतेस गं?"

"काही नाही अक्का. धूळ फार बसलीय." मग मान खाली घालून, "यंदा त्यांची मूठ घेणार ना?"

इंदिराबाईंनी शाळेची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. कानबाईच्या नैवेद्याचे रोट करतात, त्याचा गहू मोजून घ्यायचा असतो. घरच्या दर पुरुषामागं सव्वा मूठ, एकेकाचं नाव घेऊन. इतकी वर्षं निंबाच्या नावाची मूठ पडत आली होती. पण यंदा भावकी बसली होती आणि भाऊंनी मान हलवली होती. सात वर्षं झाली की सरकारसुद्धा माणसाला गेलेला धरतं, किती दिवस देवीपुढे खोटं मोजायचं? मूठ नाही म्हणजे माणूस नाही, आणि माणूस नाही म्हणजे बेबाच्या कपाळावर कुंकू नाही. हे बेबाला अजून कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं इंदिराबाईंच्या वाट्याला आलं होतं आणि त्यांची जीभ रेटत नव्हती. धाकटी जाऊ म्हणून आली तेव्हा हिला साडी नेसायला त्यांनीच शिकवलं होतं.

"बघू," त्या म्हणाल्या. स्वतःचीच लाज वाटली त्यांना.

शुक्रवारी दुपारी गहू मोजायला सगळे जमले. चादरीवर गव्हाची रास, समोर धुरपदाकाकू. भावकीतली सगळ्यांत म्हातारी, शिंदखेड्याकडची, मूठ तिच्याच हातची.

"चुडामण," तिनं पुकारलं. सव्वा मूठ टोपलीत पडली. मग तिचा हात राशीतच थांबला. तिनं भाऊंकडे पाहिलं. "काय रे भाऊ, निंबानी मूठ लेवानी का नही?"

भाऊंनी जमिनीकडे पाहत म्हटलं, "राहू द्या काकू. पुढचं नाव घ्या."

काकूनं हातातला गहू राशीत सोडला. आणि सासरी आल्यापासून थोरल्या दिरापुढे कधी शब्द न काढलेली बेबा दारातून स्पष्ट म्हणाली, "ते आलेत. गॅरेजमध्ये आहेत."

"पोरी, पुरे," भाऊ तिच्याकडे वळले. "पुरे गं आता. तुला काय वाटतं, मला तो नको झालाय? लहानपणी खांद्यावर बसवून पोळा दाखवलाय त्याला." ते उठले. "इंदिरा, किल्ली आण. एकदाचं हिला दाखवतो."

सगळी माणसं त्यांच्यामागे गेली. लख्ख ऊन होतं. शटर खडखडत वर गेलं.

गॅरेज रिकामं होतं. हिरवा पट्टा, वर पांढरी भिंत, खाली लाल कोबा, चकचकीत. नव्या रंगाचा वास.

"बघ," भाऊ म्हणाले. "आहे कुणी?" आणि तरातरा आत निघाले.

इंदिराबाई दारातून बघत होत्या. भाऊ सरळ मधून गेले नाहीत. दोन पावलांवर त्यांनी आपसूक अंग तिरकं केलं, पोट आत घेतलं आणि भिंतीला पाठ घासत, कडेकडेनं पुढे सरकले. एवढी जागा मोकळी पडलेली, आणि माणूस भिंतीला चिकटून चाललेला.

त्यांच्याही ते ध्यानात आलं. ते थांबले.

मग त्यांनी हात पुढे केला. कमरेच्या उंचीवर, तळवा खाली.

हात टेकला.

त्यांनी तो झटकन मागे घेतला. तळवा लाल झाला होता.

"गरम आहे," ते म्हणाले. अगदी लहान आवाजात. "आत्ताच आलाय."

भाऊंनी हात पुन्हा ठेवला, या वेळी हळूच, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. चटका बसत असणार, पण काढला नाही. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसायची शुद्ध नव्हती.

"लई लांबून आलास रे," ते म्हणाले. "दमला असशील."

ते पुन्हा भिंतीकडेनंच बाहेर आले. घरात जाऊन राशीपुढे बसले. "काकू, निंबाची मूठ घ्या."

"मी कव्हयनी तेच म्हनी ऱ्हायनू," धुरपदाकाकू पुटपुटली. मूठ तिनं भरून घेतली आणि वरची पावही टाकली. बेबानं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. इंदिराबाईंनी तिला जवळ घेतलं तेव्हा ती रडत नव्हती, हसत होती. एवढं बरं वाटलं इंदिराबाईंना, की क्षणभर बाकी सगळ्याचा विसर पडला.

रविवारी कानबाई बसली. रोट झाले. भावकी जेवून उठली तेवढ्यात गल्लीत हॉर्न वाजला. हेमराज फियाट घेऊन आला होता, अंगणात दोन्ही जावा आरतीचं ताट घेऊन तयारच होत्या. भाऊ मात्र दोन्ही हात हलवत पळत पुढे गेले.

"हॉर्न नको वाजवूस! तिकडे लाव, समोरच्या भिंतीलगत."

"समोर? मग गॅरेज कशाला रंगवलं एवढं?"

"आत जागा नाही."

हेमराजनं गाडीच्या काचेतून डोकं बाहेर काढलं. मग त्यानं आईकडे पाहिलं. गणित शिकवणाऱ्या त्याच्या आईनं मान खाली घातली आणि म्हणाली, "सांगतात तसं कर, बाळा."

फियाट भिंतीलगत लागली. गल्लीतली सगळी पोरं तिच्याभोवती गोळा झाली, कुणी टपावर थाप मारतंय, कुणी काचेला नाक लावतंय, नुसता गोंधळ. भाऊ ओट्यावरून उतरले आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "हळू रे पोरांनो. आत माणूस निजलाय."

पोरांनी टपावरचे हात काढले. शटर सकाळपासून वीतभर उघडं होतं, वारा लागावा म्हणून बेबानंच ठेवलेलं. बेबा इंदिराबाईंच्या शेजारी ताट धरून उभी होती. हेमराज फियाटपाशी, बाकीची भावकी ओट्यावर होती.

आतून कुणीतरी शटर हळूच, आवाज न करता, खाली ओढून घेतलं.